परत आलेलं ताट

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्यांचा तो 'आणखीशेठ'. शेठबिठ काही नव्हता, वाढप्यांचा प्रमुख होता. अंगात पांढरा कोट, हातात लांब दांड्याचा डाव, आणि रुबाब असा की भट्टीवरचे दांडगे कामगारसुद्धा त्याच्यापुढे ताट धरून शाळकरी पोरांसारखे उभे राहत. "आणखी?" असं विचारायचा आणि उत्तर येण्याआधीच वाढून मोकळा व्हायचा. कुणी ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून रस्सा सोडण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. भट्टीवरच्या फोरमननं तर कॅन्टीनच्या दारातच पट्टा सैल करायची सवय लावून घेतली होती.

त्याचा खरा दरबार मात्र उष्टी ताटं परत येतात त्या खिडकीशी भरे. खिडकीपलीकडे भांडी घासणाऱ्या मावशी, अलीकडे हा. ताटात काही उरलेलं दिसलं की त्या माणसाला तिथूनच माघारी पाठवायचा. "बसा परत, संपवा. आमचा अपमान आहे हा!" लोक हसत, कुरकुरत, आणि संपवत. लख्ख रिकामं ताट दिसलं की ह्याची छाती फुगे. माणसाला सुखी करायचा ह्याहून सोपा मार्ग जगात नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटे. चुकांचं हेच तर वाईट असतं, त्या करताना फार बरं वाटतं.

ही चूक तो घरीही घेऊन गेला. पण त्याला हसण्याआधी कारण ऐकून घ्या. त्याची मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. इतकी एवढीशी, की दवाखान्यातली नर्स म्हणाली, "अगंबाई, ही तर चिमूटभरच आहे!" झालं, तेच नाव चिकटलं. चिमूट. तिला ठेवलं होतं त्या काचेच्या पेटीबाहेर आणखीशेठ रिकाम्या हातांनी उभा असे. इतकी वर्षं जगाला वाढलं, आणि पोटच्या पोरीला थेंबभर दूध पाजता येईना. हिला एकदा घरी जाऊ दे, मग हिच्या पोटाला भूक म्हणजे काय ते माहीत होऊ देणार नाही, असं त्यानं तिथं उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

आणि शब्द पाळला. नको इतका पाळला. चिमूट रडली की दूध, हसली की बिस्कीट, पडली की केक, आणि शहाण्यासारखी वागली की पुन्हा केक. जेवताना टीव्हीवर कार्टून लावायचं, पोरीचं तोंड उघडं राहिलं की घास आत. शेवटच्या घासाला तिनं मान फिरवली की ह्याचं ठरलेलं, "ताट रडतंय बघ!" ताट रडू नये म्हणून ती बिचारी गिळायची.

पाचव्या वर्षी चिमूटचा तिच्या नावाशी काही संबंध उरला नव्हता. शेजारीपाजारी तिचे गाल ओढत, आणि आणखीशेठला ते कौतुक पुरे. पण घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच पोरगी धापा टाकत पायरीवर बसे, मग बाबानं उचलायचं. बागेत ती घसरगुंडीच्या शिडीखाली उभी राहून इतर मुलांकडे बघत राही. कुणी बोलावलं तर म्हणे, "मला नाही आवडत." आवडायची तिला. तिच्या आईला ते कळत होतं आणि जीव तुटत होता.

शेवटी आईनंच दोघांना डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी वजन बघितलं, उंची बघितली, गुडघे दाबले, आणि कुणावर न ओरडता विचारलं, "पोट भरलं की ही सांगते का?"

"तिला सांगावं लागतच नाही," आणखीशेठ अभिमानानं म्हणाला. "मी असतो ना!"

"तीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या. "तिचं पोट बोलतं, पण तुम्ही मध्येच बोलता. असंच चाललं, तर मोठ्या माणसांचे आजार हिला लहानपणी गाठतील. उपाशी ठेवू नका, वजन उतरवायची घाई नको, उंचीला त्याला गाठू दे. काय खायचं, कधी खायचं, ते तुम्ही ठरवा. किती खायचं, ते तिला ठरवू द्या."

पाच वर्षांच्या पोरीनं ठरवायचं! आणखीशेठला हे ऐकवेना. रस्ताभर धुमसत होता. बायको मात्र घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला कुलूप फार लवकर आठवतं. ती घरी पडदे शिवायची. शिलाईच्या कपाटाचं कुलूप काढून तिनं ते खाऊच्या कपाटाला लावलं. ताटात मोजकं पडू लागलं. "बास, तुला नको आता," हे घरातलं नवं वाक्य झालं. बाबा म्हणायचा आणखी, आई म्हणायची बास. पोरीला विचारत कुणीच नव्हतं.

मग एके दिवशी एक गिऱ्हाईकबाई नवाकोरा पडदा घेऊन तणतणत आल्या. "अहो, ह्याला मुंग्या लागल्यात!" आईनं खालची दुमड उसवली, तर आत कडेच्या फटीतून सारलेले बिस्किटांचे तुकडे. चिमूट कोपऱ्यात उभी. चेहरा पांढराफटक.

"मला... पुढं मिळालं नाही तर?" एवढंच ती म्हणाली.

आईनं पोरीला पोटाशी धरलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, आपण दोघं मिळून हिचं काय करून ठेवलं हो?" त्या दिवशी आणखीशेठ स्वतःच जेवला नाही.

उत्तर मिळालं ते कॅन्टीनमध्ये. शहरात तापाची साथ आली आणि सगळे वाढपी एकदम आडवे झाले. उरले आणखीशेठ आणि मावशी. एवढ्या लोकांना एकटा वाढणार कसा? नाइलाजानं त्यानं पातेली टेबलांवर मांडली, प्रत्येकात डाव ठेवला आणि ओरडला, "आज आपापलं घ्या!" आता अर्धं जमिनीवर सांडणार, अर्धं टाकून देणार, ह्याची त्याला खात्री होती. जेवणं आटोपल्यावर तो उष्ट्याच्या ड्रमाकडे गेला. ड्रम जवळजवळ कोरडा. पातेल्यांत मात्र रोजच्यापेक्षा जास्त उरलेलं. आणि माणसं? मजेत गप्पा मारत बसली होती.

"शेठ, रागावू नका," फोरमन म्हणाला. त्याचा पट्टा आज जागच्या जागी होता. "आज पहिल्यांदा जेवणाची चव कळली. एरवी तुमच्याशी लढण्यातच वेळ जायचा."

आणखीशेठ मटकन बाकावर बसला. राग आला होता, लाजही वाटत होती. पण डॉक्टरबाईंचं बोलणं आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. घरी गेला आणि चपलाही न काढता कपाटाचं कुलूप काढून बायकोच्या हातात ठेवलं. "हे तुझ्या पडद्यांना लाव. आजपासून टीव्ही बंद, भांडी ताटांच्या मधे, आणि डाव चिमूटच्या हातात."

म्हणणं सोपं होतं. पहिल्या दिवशी पोरीनं बटाट्यांचा डोंगर रचला, खाल्ला आणि आळीपाळीनं दोघांच्या तोंडांकडे बघितलं. ना शाबासकी, ना ओरडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटे. आणखीशेठ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, नाहीतर ते आपोआप डावाकडे जायचे. बायको हसून म्हणायची, "हात बांधू का तुमचे?" एका संध्याकाळी तर चिमूटनं "नको" म्हणून ताटच सरकवलं. त्याच्या डोळ्यांपुढे ती काचेची पेटी आली. बायकोनं कॉलर धरली म्हणून तो खुर्चीत राहिला.

सकाळी चिमूट स्वयंपाकघरात आली आणि पोटावर हात ठेवून नवलानं म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीये!"

तिच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. तिला भूक लागायला त्यानं वेळच दिला नव्हता. अंडं उकडताना माणूस रडत होता आणि वर पोरीला सांगत होता, वाफ गेली डोळ्यांत.

तिथून गाडी रुळावर आली. बटाट्यांशेजारी गाजरं आली, वाटाणे आले. बिस्किटं आठवड्यात कधीतरी सगळ्यांनी मिळून खायची, लपवायचं काही कारणच उरलं नाही. बागेत आधी शिडीच्या दोन पायऱ्या, मग चार, आणि एक दिवस वरून आरोळी, "आई, बघ!" उंचीनं वजनाला हळूहळू गाठायला घेतलं. डॉक्टरबाई कागदावरची रेघ बघून हसल्या. चौथ्या मजल्यावर आता चिमूट पुढे पळे आणि बाबा मागून धापा टाके.

पण खरी परीक्षा बाकी होती. कारखान्याचं वार्षिक जेवण, सगळ्यांची बायकापोरं आलेली. वाढायला आणखीशेठनं स्वतः घडवलेले वाढपी, एकाहून एक हट्टी. त्यातल्या एकानं प्रमुखाची लेक पाहिली आणि उत्साहानं ताट भरून टाकलं. चिमूटनं तिला हवं तेवढं खाल्लं. तो पुन्हा केकचा भलामोठा तुकडा घेऊन वाकला. "आणखी? शेठची मुलगी ना तू? ताट रडेल हं!"

आजूबाजूचे हसून बघू लागले. आणखीशेठला भीती वाटली, एवढ्या लोकांसमोर पोरगी बधणार, गिळणार.

चिमूटनं ताटावर हात आडवा धरला. "नको, काका. पोट भरलं माझं." मग त्याची समजूत घालावी तशी म्हणाली, "ताट नाही रडत. मी विचारलंय बाबांना."

ती उठली आणि अर्धं भरलेलं ताट दोन्ही हातांनी सांभाळत खिडकीकडे निघाली. त्या खिडकीतून अन्न उरलेलं ताट आजवर माघारी फिरल्याशिवाय आत गेलं नव्हतं. आणखीशेठ तरातरा तिच्यापुढे गेला. फोरमनला वाटलं, आता पोरीची खैर नाही.

त्यानं ते ताट तिच्या हातून घेतलं, सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर उंच धरलं आणि भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बघा रे! माझ्या लेकीचं ताट!"

मग खिडकीत वाकून त्यानं ते मावशींच्या हातात दिलं, आणि चिमूट तोवर बाहेर पटांगणात पळाली होती.