हरल्याचा किस्सा उभ्याने सांगायचा

आधी माफी मागतो. भिलाईहून परत येऊन चार महिने झाले आणि मी आज लिहायला घेतलंय. दोघातिघा वाचकांनी मुलीच्या फोनवर विचारलंही, "काका भिलाईला गेले होते ना, त्याचं काय झालं?" तब्येत बरी नाही, असं मी कळवायला लावलं. ते खोटं होतं. तब्येत ठीक होती, हिंमत नव्हती. मी सातवी शिकलेला माणूस. वहीत लिहितो, मुलगी ते टाइप करून ब्लॉगवर टाकते. या वेळी ती सारखी विचारतेय, "बाबा, खुर्ची सोडून हे काय चाललंय?" ते शेवटी सांगतो.

भिलाईच्या कारखान्यात मी आणि वसंता एकाच खात्यात होतो, कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर. रिटायर झाल्यावर मी गोंदियाला मुलीकडे आलो, तो तिथेच हुडको कॉलनीत राहिला. एक दिवस त्याचा फोन आला.

"नामदेव, ये ना बे. दर रविवारी आमची फुटबॉलवाल्या बुढ्ढ्यांची बैठक बसते. आन इथंच बाजूले कुरुदले सुखदेव हाय. तुई आठवण काढून राहिला होता."

सुखदेवचं नाव ऐकलं आणि मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. कारण सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगून टाकतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी खात्याखात्यांची फुटबॉल स्पर्धा होती. फायनल नंदिनी नगरच्या मैदानावर, आमच्यासमोर रेल मिलवाले. सुखदेव आमचा गोलकीपर. मी त्याच्या गोलच्या मागे उभा राहून ओरडणारा. एक-एक अशी बरोबरी, शेवटची दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात लाइनवरच्या पंचाने लाल झेंडी वर केली.

कारखान्यात येण्याआधी मी तीन वर्षं नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत झेंडीवाला होतो. सुरुंग उडवायच्या आधी रस्त्यावर लाल झेंडी वर करायची आणि ओरडायचं, "बार हाय, थांबा!" मग माणूस असो, सायकल असो, बैल असो, जिथे आहे तिथे थांबायचं. ती झेंडी वर गेलेली दिसली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बार हाय, थांबा!"

पंचाने शिट्टी वाजवलीच नव्हती. खेळ चालू होता. पण सुखदेव नंदिनीतच वाढलेला, त्याचा बाप खाणीत. ही हाक ऐकली की पाय जमिनीला रोवायचे, हे त्याला बोलता येण्याआधी शिकवलेलं. तो थांबला. हात खाली सोडून सरळ उभा. बॉल त्याच्या बाजूने, अगदी हळू, घरंगळत आत गेला.

ढोल-ताशांच्या गोंगाटात माझा आवाज दुसऱ्या कोणी ऐकला नव्हता. सुखदेव सांगत राहिला, "कोनीतरी ओरडलं." लोक हसले. त्याचं नाव 'पुतळा' पडलं, ते नोकरी संपेपर्यंत. मी गप्प राहिलो. ते सांगून मोकळं व्हावं, यासाठी मी भिलाईला निघालो.

शनिवार. गोंदियाहून सकाळची पॅसेंजर धरा. रिझर्व्हेशन लागत नाही, तिकीट खिडकीवर मिळतं, गर्दी डोंगरगडपर्यंत. मी गाडीच्या एक तास आधी स्टेशनवर. तिकीट शर्टाच्या खिशात, मग बंडीच्या खिशात, मग पुन्हा शर्टाच्या. बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्या, एक पिशवी हरवली तर दुसरी असावी. समोरची बाई डोंगरगडला देवीच्या दर्शनाला चालली होती. तिने विचारलं, "बाबाजी, कोनाच्या मयतीले चालले का? तोंड कावून असं?"

"नाही बाई, मित्राला भेटायला."

"मंग हासा ना थोडं!" आणि तिने मुरमुरे पुढे केले.

दरेकसाचा बोगदा आला तेव्हा मी अंधारात एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, "सुखदेव, तो मी होतो." उजेड आला आणि पुढचं वाक्य सुचेना. डोंगरगडच्या टेकडीला हात जोडले. राजनांदगाव, दुर्ग, मग भिलाई नगर. हुडकोला जायचं तर इथेच उतरा. ऑटोवाला आधी शंभर म्हणेल, साठला येतो. मी शंभर दिले. घासाघीस करायला मन थाऱ्यावर नव्हतं.

रविवार. हुडकोच्या बाजारात एका चहाच्या टपरीमागे बाकं टाकलेली. सकाळी सातला पोहे आणि गरम जिलेबी, नऊपर्यंत संपतं, तेव्हा लवकर जा. बैठकीचा नियम एकच, वसंताने आल्या आल्या सांगितला.

"जिंकल्याचा किस्सा बसून सांगाचा. हरल्याचा उभ्यानं. आपली टीम खाली पडली, तवा आपन उभं राहाचं."

पहिले दत्तादादा उठले. मूळचे कलकत्त्याचे, काठी टेकत. त्यांच्या लाडक्या कलकत्त्याच्या टीमने एका फायनलमध्ये स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला होता.

"अपना ही आदमी! हेड से! उस साल हम मछली नहीं खाया."

"पूरे साल, दादा?"

"तीन महीना. फिर पत्नी बोली, मछली का क्या दोष?"

हशा पिकला. मग केरळचे वर्गीससाहेब. त्यांची टीम एक गोलने पुढे असताना रेडिओची बॅटरी संपली. जिंकलो समजून त्यांनी सकाळी सगळ्या सेक्शनमध्ये लाडू वाटले. दुपारी पेपर वाचला. "लाडू वापस मांगना भी नहीं आता," ते म्हणाले आणि हळूच बसले. या वेळी कोणी हसलं नाही. त्यांच्या आवाजात ती दुपार अजून होती.

मग वसंता उभा राहिला. सुखदेव बैठकीला नव्हता. मी जिलेबीची प्लेट जवळ ओढली.

"नंदिनीची फायनल," तो म्हणाला. "आमचा पुतळा! बॉल असा चालत चालत आला, जसा काही पाहुणा. आन हा उभा, या बसा म्हनून!"

बाकं हलली हसण्याने. दत्तादादांनी विचारलं, "वो रुका क्यों था?"

"म्हने कोनीतरी थांबा म्हनलं. कोन म्हनन, दादा? मीच तिथं होतो, हा नामदेव होता गोलच्या मांगं. काय बे नामदेव, ऐकलं होतं का तू काही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उठायचं तेवढंच काम होतं. मी बाकाची कड धरली, गुडघ्यात जोर दिला आणि बसूनच म्हणालो, "गोंगाट होता बावा लय. काही आठवत नाही."

जिलेबी तोंडात मातीसारखी लागली.

सोमवार. वसंताच्या स्कूटरवर कुरुद. पूर्वी हे गाव होतं, आता प्लॉट, हार्डवेअरची दुकानं, अर्धवट बांधलेली घरं. ट्रक एवढे की मी डोळे मिटूनच बसलो. वसंता मागे वळून म्हणाला, "अबे, माई बरगडी सोड. मोडशीन!"

सुखदेव दारातच होता. केस पांढरे, पण हात तेच, फावड्यासारखे.

"जयभीम, नामदेव!"

"जयभीम, भाऊ."

वहिनींनी तांदळाच्या पिठाचे चिले आणि टमाट्याची चटणी केली होती. छत्तीसगडला जाऊन चिला न खाता येऊ नका. मी दोन खाल्ले, चव विचाराल तर सांगता येणार नाही. वसंताला बँकेत काम होतं, तो निघून गेला. मी सुखदेवला म्हणालो, "नंदिनीला जाऊ का? मैदान पाहून येऊ."

त्याने माझ्याकडे बघितलं. "त्या मैदानात मी पुन्हा पाय ठेवला नाही. पन चाल. तू हाय ना."

त्या 'तू हाय ना'ने माझा जीव अर्धा झाला.

जामुलवरून नंदिनीचा रस्ता, ऑटो जाऊन-येऊन पाचशे. सिमेंटची धूळ उडते, तोंडाला रुमाल बांधा. पुढे झाडं लागतात, खाणवाल्यांचे जुने क्वार्टर दिसतात, हवा एकदम शांत. मैदानावर गवत वाढलं होतं. गोलच्या खांबांना गंज चढलेला, जाळी नाही. सुखदेव चालत त्या गोलमध्ये गेला आणि उभा राहिला. मी माझ्या जागेवर गेलो, त्याच्या मागे. पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

"सुखदेव. तो मी होतो. बार हाय, थांबा. मीच ओरडलो होतो."

तो वळला नाही.

"लाल झेंडी दिसली रे. खाणीची सवय. तोंडातून निघून गेलं."

मग तो तसाच उभा राहून बोलला.

"मी कान तपासाले गेलो होतो. मालूम हाय तुले? डॉक्टर म्हने, कान चांगले हायेत. मंग मले वाटलं, डोकं गेलं. पाळीत काम करताना कोनी आवाज दिला तर मी दोनदा इचारू, तू बोलला का? लोक हासत. मी कीपिंग कावून सोडली? हरलो म्हनून नाही. आपल्या कानाचा भरोसा राह्यला नाही म्हनून."

"माफ कर भाऊ."

आता तो वळला. डोळे कोरडे होते, तेच जास्त लागलं.

"माफी नको मले. येत्या रविवारी हुडकोत उभा राह्य. वसंतासमोर सांग. मी येतो आयकाले."

मी म्हणालो, "उद्याचं तिकीट आहे. बीपीची गोळीही संपत आलीय. रिझर्व्हेशन वाया जाईल."

"पॅसेंजरले कोन्तं रिझर्व्हेशन, नामदेव?"

एवढं म्हणून तो ऑटोकडे चालू लागला. कुरुदला तो उतरला, माझ्याकडे न बघता ऑटोवाल्याला म्हणाला, "बाबाजी को संभालके छोड़ना, घबराते हैं."

मंगळवार. सकाळची गाडी, खिडकीची जागा, बोगदा, घर. लिहिण्यासारखं काही नाही. वसंताला काही सांगितलं नाही.

जायचं असेल तर जरूर जा. हिवाळ्यात जा, रविवार धरून जा, हुडकोची बैठक चुकवू नका. नव्या माणसालाही तिथे जागा देतात आणि त्याच्या हरलेल्या मॅचला मान देतात.

माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर सुखदेवची पाठ. रोज दिसते. त्याच्या कानात तेव्हा दोष नव्हता, आजही नाही, हे त्याच्यासाठी चार माणसांत सांगायचं होतं. चार माणसं समोर बसलेली असताना मी बाकाची कड धरून बसून राहिलो. आम्ही फायनल हरलो ती माझ्या तोंडाने. पण त्या रविवारी हरलो तो मी एकटाच, बसून.

म्हणून हे सगळं मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून लिहिलंय. गुडघे दुखतात, दर अर्ध्या पानाला थांबतो, पण बसलो नाही. मुलगी आता हे वाचतेय आणि तिने खुर्ची मुकाट्याने आत नेऊन ठेवली आहे.

वसंता, हे तुझ्या फोनवर पाठवतोय. येत्या रविवारी बैठकीत वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून, आणि उभ्याने वाच. दत्तादादांनी विचारलं होतं ना, तो का थांबला, त्यांना नीट ऐकू येईल असं वाच. कुरुदला जाऊन सुखदेवला घेऊन ये. तो आला का, कुठे बसला, ऐकून काय म्हणाला, काहीच म्हणाला नाही तर तेही, लगेच कळव. रविवारी नऊनंतर मी फोन हातात धरूनच असेन. उशीर करू नको रे.