बोलका पंखा

धामणगाव बढ्यात मी शाळामास्तर म्हणून एकटा राहायचो. माझे शेजारी गावातले एक नावाजलेले कारागीर होते. माझ्या कोळशाच्या शेगडीला हातानं फिरवायचा पंखा होता. थंडीत सकाळी तो फिरवला की अख्खी आळी कानात बोटं घाली. कारागीर दर रविवारी दुरुस्तीला येत, वैद्यासारखे पंख्याची नाडी बघत, दोन कप चहा पीत आणि म्हणत, "पंखा बोलून राह्यला मास्तर, म्हंजे जित्ता हाय." सोमवारी पंखा दुप्पट जित्ता व्हायचा.

शेवटी त्यांच्या कलेला नमस्कार करून मी मलकापूरहून नवा, मुका पंखा आणून बसवला. दुसऱ्याच सकाळी दार धडाधडा वाजलं. उघडलं तर कारागीर अनवाणी, हातात पहार.

"आवाज काऊन नाही आला? कोळशाची शेगडी, बंद खोली... मले वाटलं, गेले तुमी!"

"नवा पंखा बसवलाय," मी म्हणालो.

ते शेगडीकडे बघतच राहिले. "मंग मले रोज कळन कसं?"

रविवारी मी जुना पंखा त्यांच्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काम पाच मिनिटांत उरकलं, तो शेगडीला परत बसवला, आणि पंखा पहिल्यासारखा किंचाळला.