दिराच्या बोटीचा आवाज

"जुनं इंजिन परत बसव म्हणजे बसव, वहिनी."

"भावोजी, त्याचा पिस्टन सिलिंडरला असा चिकटलाय की त्यांना वेगळं करायला आता कोर्टातच जावं लागेल. बसवू काय?"

"ते मला सांगू नकोस. निदान ते बोलत तरी होतं. हे तुझं नवं मुखदुर्बळ आहे."

मिस्त्रीणबाईंनी हातातला पाना फडक्याला पुसला आणि दिराकडे चष्म्यावरून पाहिलं. गिऱ्हाइकं तक्रार करतात ती मोटर ओरडते म्हणून. ओरडत नाही म्हणून भांडायला आलेला हा पहिलाच, आणि तोही घरचा.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड. पुढचं दार रस्त्यावर उघडायचं, मागचं थेट पाण्यावर. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी भात दोनदा करपवला आणि बंद पडलेला पाण्याचा पंप एकदाच उघडून चालू केला. सासऱ्यांनी तेव्हाच निकाल दिला, की हिच्या हातात लाटणं नको, पाना द्या. सासूबाईंनी तो निकाल कधीच मानला नाही, पण पाणी मात्र त्या पंपाचंच भरलं.

दिराची मोटर बोटीच्या मागे लटकणारी, जुनी. खालचं धड आणि पंखा ठणठणीत, फक्त वरचं इंजिन गेलेलं. त्याच बनावटीचं चांगलं इंजिन बाईंनी एका मोडीत निघालेल्या बोटीवरून शोधून आणलं आणि तीन दिवस त्याच्यामागे लागल्या. जुनं इंजिन सहा बोल्टांवर बसलेलं, आणि खाऱ्या पाण्याने बोल्ट गंजून एकजीव झालेले. पाच सुटले. सहाव्याला बाईंनी गरम केलं, तेल पाजलं आणि सासूबाईंना आयुष्यात जे ऐकवता आलं नव्हतं ते सगळं त्याला ऐकवलं. तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला. दुसरं इंजिन साखळीच्या कप्पीवरून खाली सोडलं, तर शेवटचं बोटभर अंतर काही केल्या मिटेना. दीर म्हणाला, मी वर बसतो. बाई म्हणाल्या, तुम्ही खुर्चीवर बसा. मग वाकून त्यांनी खालचा पंखा केसभर फिरवला, आतले दाते जुळले आणि इंजिन अलगद जागेवर उतरलं. दोरी ओढताच तिसऱ्या झटक्याला सुरू झालं.

इथवर सगळं छान होतं. घोळ झाला तो सोमवारी.

दिराच्या बोटीला वेळापत्रक नव्हतं. पलीकडच्या तीन धक्क्यांवरचे लोक घड्याळ बघतच नसत. वळणावरून मोटरीचा खडखडाट ऐकू आला की कपातला चहा संपवायचा, कुलूप लावायचं आणि चालू लागायचं, की बोट आणि माणूस बरोबर एकाच वेळी धक्क्यावर. अठरा वर्षं हा हिशेब चुकला नव्हता. आता बोट गुपचूप येई, रिकामीच वळे, आणि मागून हातात चपला घेऊन धावणारे शाळेचे मास्तर दिराच्या सात पिढ्यांची चौकशी करत. पंधरा गिऱ्हाइकं दुसऱ्या बोटीकडे वळलीसुद्धा.

बाईंनी हॉर्न सुचवला. दीर म्हणाला, हॉर्न सगळ्यांनाच असतो, माझ्या मोटरीचा गळा जन्मजात होता.

बाईंनी मान खाली घातली. त्या जन्माच्या वेळी हजर असलेलं एकमेव माणूस म्हणजे त्याच. अठरा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या मदतीशिवाय उघडलेली ही त्यांची पहिली मोटर. परत जोडताना वरच्या झाकणाच्या कडेची रबरी पट्टी बसवायची राहिली, आणि पातेल्यावर झाकण थडथडावं तशी मोटर वाजू लागली. पट्टी आठवड्याने टेबलाखाली सापडली. तोवर सासरे सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते, की सुनेने इंजिनाचा गळा मोकळा केला. आता इतक्या कौतुकावर पाणी कोण ओतणार? बाईंनी पट्टी गुपचूप चुलीत घातली. या खेपेला मात्र नवी पट्टी आणून नीट बसवली आणि जुनं पाप फिटलं म्हणून त्या रात्री निवांत झोपल्या.

"ठीक आहे," दीर म्हणाला. "बाजारातल्या मिस्त्रीशी बोललोय मी. त्याच्याकडे एक खोकणारं इंजिन पडलंय. उद्या तुझं हे काढून तो ते बसवणार."

"माझं काढणार? तो?" बाईंचा आवाज चढला. "तो माणूस बोल्ट हातोडीने सोडवतो, भावोजी. भर पाण्यात बंद पडलं तर पोहत न्याल का मास्तरांना?"

"मुक्या मोटरीवर उपाशी मरण्यापेक्षा ते बरं."

"अहो, आवाज इंजिनाचा नव्हताच मुळी."

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली, पण तोंडातून सुटलेला शब्द काही कप्पीला टांगून परत वर ओढता येत नाही.

दीर दोन पावलं पुढे आला. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग भुवया हळूहळू वर गेल्या.

"इंजिनाचा नव्हता? मग कशाचा होता? वहिनी, ती मोटर तेव्हा तूच उघडली होतीस ना?"

बाईंनी झाकणाच्या कडेत शिरेल असा चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर टेबलावरून उचलला, पदर खोचला आणि मागच्या दाराने सरळ बोटीकडे चालू लागल्या.