गुहेपुढचं अंगण

तीन दिवस ऊन म्हणून पडलं नव्हतं. आभाळ गच्च्यांना टेकलेलं, वारा मेलेला, आणि धुक्यात धूर कालवून अशी राखाडी खळ झालेली की समोरच्या इमारतीचे वरचे दोन मजले कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावेत तसे नाहीसे झालेले. तागडीबाई साडेआठाला ऑफिसात आली, मफलर न सोडताच खुर्चीत बसली आणि रोजच्यासारखे आदल्या दिवसाचे मुडदे मोजायला लागली.

कुणी कुणाला मारलं, कशानं मारलं, मरणाऱ्याला मरायला किती सेकंद लागले. सगळं रकान्यांत शिस्तीत मांडलेलं. अकरा वर्षं तिचं हेच काम. कंपनीचा खेळ लोक आपापल्या घरून, इंटरनेटवरून एकत्र खेळायचे. कुणी योद्धा व्हायचं, कुणी तिरंदाज, कुणी वैद्य. खेळाची दोन अंगं होती. मैदानात माणसं माणसांशी लढायची. गुहेत पाच जणांनी मिळून एका राक्षसाला लोळवायचं. दोन्हीकडे हत्यारं तीच, मंत्र तेच, आणि कशात किती जोर असावा तो आकडा ठरवायचा बाईनं. मैदानासाठी आकडा खाली आणला की गुहेवाले बोंब मारायचे, गुहेसाठी वर नेला की मैदानवाले तिच्या सात पिढ्या काढायचे. दोन्हीकडून शिव्या सारख्या आल्या की ती समजायची, आज काटा मधोमध आहे. तागडी हे नाव त्यावरूनच पडलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. शेवटी तिनंच ते आपल्या चहाच्या कपावर रंगवून घेतलं.

त्या सकाळी काटा मधोमध नव्हता. मैदानातली एकेक लढाई चाळीस-चाळीस मिनिटं चाललेली. दोन वैद्य एकमेकांना ‘ओंजळ’ घालत उभे राहायचे आणि मरायचं नाव घ्यायचे नाहीत. ओंजळ म्हणजे वैद्याचा अगदी साधा मंत्र. सोबत्यावर रोखायचा, एक बटण दाबायचं, की सोबत्याच्या अंगात जीव भरत राहतो.

साहेब सफरचंद खात तिच्या टेबलाशी आले. सकाळी ते काही ना काही चावत असायचेच.

"पाहिलंत ना? लोक कंटाळून पळतायत. ओंजळ कापा. तिसरा हिस्सा."

"मैदानात कापते, साहेब. गुहेत कापली तर वैद्यांचं कठीण होईल."

"काही कठीण होत नाही. मधेमधे दुसरे मंत्र मारतील. चपळ होतील. बरंच आहे की."

"सगळ्यांना नाही जमत चपळ व्हायला."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

बाई पुन्हा रकान्यांकडे वळली. सगळ्यांना म्हणजे तिच्या दादाला.

दादा खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे कापायच्या प्रेसवर होता. आईबाप गेल्यावर शाळा सोडून तो तिथं चिकटला आणि धाकटीला शिकवली. तिच्या गणिताच्या वह्यांना पुठ्ठ्याची कव्हरं असायची, ती कारखान्यातली. सात वर्षांपूर्वी त्या प्रेसनं त्याचा उजवा हात मनगटापासून नेला. पुढची दोन वर्षं दादा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. "त्या भिंतीला हात असते तर तिनं जोडले असते, बाबा आता पुरे म्हणून," वहिनी म्हणायची. मग एका रविवारी बाईनं एक जुना कम्प्युटर उचलून आणला आणि दादाला वैद्य करून गुहेत सोडला. वहिनीनं माऊसला कापडी बाही शिवली. त्या बाहीत थोटं मनगट खुपसून दादा माऊस ढकलायचा, बटणं मात्र सगळी डाव्या हातानं. दोन मंत्र लागोपाठ मारणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पण ओंजळ एका बटणाची. त्या एका बटणावर त्यानं पाच वर्षं चार माणसं जिवंत ठेवली.

चौघांची टोळी होती: एक निवृत्त मास्तर, एक नर्सबाई आणि ट्रक चालवणारे दोन भाऊ. दर शनिवारी सकाळी दहाला भेटायचं, ते गुहेच्या दारात. एकमेकांची तोंडं कुणी पाहिली नव्हती. दादाच्या हाताचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं आणि खेळात वैद्याला दोन्ही हात होते. "बुवा, तुमची ओंजळ म्हणजे काम पक्कं," मास्तर दादाला म्हणायचे, आणि दादा ते वाक्य वहिनीला जेवताना पुन्हा ऐकवायचा. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो या एका दिवसाच्या आधारानं काढायचा.

बाई उठून प्रोग्रामरकडे गेली. चष्म्याच्या दोन भिंगांमागे तो दिवसभर झोपल्यासारखा दिसायचा, पण कामाला वाघ होता.

"ओंजळीला दोन आकडे करून दे. माणसाशी लढताना एक, राक्षसाशी लढताना एक."

"ओंजळीला काय कळतंय समोर कोण आहे ते? ती पडते सोबत्यावर. शत्रू बघायला तिला शिकवलेलंच नाही, बाई. सगळं उसवून परत विणावं लागेल. महिना धरा."

"साहेब देतील महिना?"

"मागच्या वेळी मी लग्नाला तीन दिवस मागितले होते. माझ्याच लग्नाला. दोन मिळाले."

तेव्हा बाईनं स्वतःच एक काम केलं. शत्रू कोण हे विचारायचं सोडून तिनं जागा विचारली. वैद्य गुहेच्या नकाशात असेल तर जुना आकडा, नाहीतर नवा. एवढी एकच ओळ. असली ओळ लिहायची तिला मुभा होती, पण लिहिली की ती तपासणीला द्यायची आणि तपासणीवाल्यांनी आठवडाभर ती सगळ्या बाजूंनी ठोकून बघायची, अशी रीत होती. तिनं दिली नाही. दिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, कुणासाठी गं बाई एवढं? तिनं आपणच एक वैद्य गुहेत नेला, जुना आकडा दिसला. मैदानात नेला, नवा दिसला. बदलांच्या यादीत ‘ओंजळ कमी केली’ असं लिहून ती घरी गेली.

त्या शनिवारी दादाकडे गेली तर राक्षस पडलेला आणि दादा खुर्चीत मागे रेलून पाय हलवत बसलेला.

"ओंजळ आटणार म्हणत होते सगळे," तो म्हणाला. "बाहेर आटलीय. गुहेत नाही आटली. असं का गं?"

"असेल काहीतरी," ती म्हणाली आणि चहात तोंड घातलं.

एक गोष्ट ती विसरली होती, आणि सगळ्या ऑफिसात ती विसरायचा हक्क सगळ्यात कमी तिलाच होता. गुहेच्या दारापुढे एक अंगण होतं. आत शिरायच्या आधी टोळ्या तिथं जमायच्या. ते अंगण नकाशात गुहेतच धरलेलं होतं, आणि तिथं माणूस माणसाला मारू शकत होता. आत जाणाऱ्याच्या पोटात जरा गोळा यावा म्हणून तशी मोकळीक दिलेली. देणारी तीच. नोकरीतलं तिचं पहिलं काम होतं ते, आणि तेव्हा सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती.

मैदानात ओंजळ आटल्यावर तिथले भांडखोर जुन्या आकड्याचा वास काढत आठ दिवसांत अंगणात पोचले. दोन चपळ वैद्य आणि तीन योद्धे असे ठाण मांडून बसले. स्वतः मरेनात आणि कुणाला आत जाऊ देईनात.

पुढच्या शनिवारी बाई दादाच्या मागे पलंगाच्या कडेवर बसली होती. हेडफोनची वायर तुटलेली, म्हणून मास्तरांचा आवाज खोलीभर घुमत होता. दहाला टोळी अंगणात उतरली. दहा वाजून दोन मिनिटांनी पाचही जण आडवे. उठले, परत आडवे.

"बुवा, धाकट्या ट्रकवाल्याला भरा! अहो धाकट्याला!"

"भरतोय, भरतोय..."

"आणि एका जागी खांबासारखे काय उभे राहता? पळा की जरा!"

पळायला बोटं लागतात. दादाची पाचही कामात होती. त्याच्या मानेवरून घामाची धार उतरली, आणि बाई ती बघत राहिली, कारण पडद्याकडे तिला बघवेना.

अकराव्यांदा मेल्यावर भांडखोरांपैकी एकानं पडद्यावर लिहिलं, "ए वैद्या, एका हातानं खेळतोस की काय?"

थोरला ट्रकवाला खळखळून हसला. माणूस वाईट नव्हता. हसू आलं, हसला. वहिनी दारात पातेलं पुसत उभी होती, तिचं फडकं थांबलं. दादानं ते पुन्हा एकदा वाचलं. जरा वेळानं मास्तरांचा आवाज आला, नापास पोराच्या बापाला बोलावून घेतल्यावर निघत असेल तसा.

"बुवा, राग मानू नका. हे अंगण मोकळं होईस्तोवर... नर्सबाईंच्या ओळखीत एक वैद्य आहे. चपळ आहे म्हणे. तोवर तुम्ही जरा आराम करा."

"करतो की," दादा म्हणाला. "माझीही पाठ धरलीच आहे हल्ली."

पाठीला काही झालं नव्हतं.

सोमवारी तक्रारींचा खच पडला. दुपारच्या आत साहेबांनी ती ओळ शोधून काढली आणि बाईला काचेच्या खोलीत बोलावलं.

"कुणाची ही?"

"माझी."

"तपासणीला दिली होती?"

"नाही."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "तुम्ही, बाई? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी इथं आरडाओरडा तरी केला असता."

"अंगण वगळते मी, साहेब. आणखी एकच ओळ. या खेपेला रीतसर तपासणीला देते. गुहेत तेवढा जुना आकडा राहू दे."

"पुरे झाल्या तुमच्या ओळी." त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "केलंत कशासाठी?"

"माझा भाऊ वैद्य होऊन खेळतो. त्याला एक हात नाही."

टेबलावरचा पेन साहेबांनी उगाच सरळ करून ठेवला.

"मग आधी का नाही बोललात? मी महिना मागून आणला असता. भांडून आणला असता. आता काय सांगू वरच्यांना? गुहेसाठी काही मागायला गेलो की हे अंगण दाखवतील मला." ते उठले. "काढा ती ओळ. आत्ता, माझ्यासमोर."

तिनं काढली. ओंजळ आता गुहेतही आटली. संध्याकाळपर्यंत अंगणातले भांडखोर पांगले. त्यांना तिथं थांबण्यात काही राम उरला नव्हता. यापुढे बाईच्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल, असं पत्रही तिला मिळालं. ते तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि बसथांब्यावर उभी राहिली. दोन बस समोरून गेल्या.

शनिवारी ती पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. दारातच वहिनीनं तिचा दंड धरला.

"सकाळी मास्तरांनी बोलावलं होतं. अंगण मोकळं झालं, या म्हणाले. गेला बिचारा उड्या मारत. तीनदा सगळे मेले, गुहेत शिरल्यावर. चौथ्यांदा हाच म्हणाला, तुमच्या त्या चपळाला घ्या, मला झेपत नाही. ते आपले अहो बुवा, अहो बुवा म्हणाले दोनदा. तिसऱ्यांदा कुणी म्हणालं नाही. तू काही बोलू नकोस हं."

बाईनं आत जाऊन सगळं सांगितलं. ओळ, अंगण, साहेब. दादा बंद पडद्यासमोर बसून ऐकत होता.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दारात आलं की भरायची, बाहेर पडलं की आटायची. माझ्या बहिणीचा धंदा काय ते मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीस, दादा?"

"मला हवी होती ना ती. कोणत्या तोंडानं बोलणार?" त्यानं थोटं मनगट मांडीवर घासलं. "प्रेसला एक जाळी असायची. हात आत गेला की मशीन थांबायचं. पण जाळी लावली की काम हळू. फोरमननं ती काढून ठेवली. आमची पाळी लवकर सुटावी, पोरांनी वेळेत घरी जावं म्हणून. आम्हीच त्याला दुवा दिला. विचारलं त्यानं कुणालाच नाही."

सात वर्षांत जाळीचं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दारात वहिनी होती तिथंच खाली बसली.

"तुला बोलत नाही मी," दादा म्हणाला. "भला माणूस होता तो. एवढंच."

मग बाई म्हणाली, "मास्तरांना हाताचं सांगू या का? ते घेतील तुला परत."

"घेतील ना. आणि मग माझ्यासाठी हळू खेळतील. नर्सबाई रडेल, ट्रकवाला हसला म्हणून माफी मागेल. नको."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. वहिनी उठली, आतल्या खोलीत काहीतरी धुंडाळलं आणि नेलकटर आणून बाईच्या मांडीवर टाकला.

"वाढलीत बघ केवढी. मला हात लावू देत नाही. मी मांस धरते म्हणे."

ज्याला एकच हात आहे, त्याला त्या हाताची नखं स्वतः काढता येत नाहीत. बाईनं स्टूल ओढलं, खाली जुना पेपर पसरला. दादानं मान वळवलेलीच ठेवली, पण हात पुढे केला. बाईनं अंगठा धरला.

"करंगळीपासून घे," तो म्हणाला. "अंगठा ठणकतोय."

तिनं अंगठा सोडला आणि करंगळी धरली.