पाठीवरचं ओझं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला ट्रेक, गगनबावड्याकडं दोन दिवसांचा. जावं की नको, माझं ठरत नव्हतं. त्यात सॅकचा पट्टा उसवला, म्हणून बॅगा शिवणाऱ्या एका चाचांकडं गेले. त्यांनी सॅक हातात तोलली आणि उघडायला लावली. आत स्टीलचा डबा, जाड चादर, चार दिवस पुरतील एवढ्या चपात्या.

"ताई, हे सामान न्हाय, भ्या हाय," ते म्हणाले.

मी हसले, पण डोळे भरून आले. ते शिवत राहिले, मी एकेक वस्तू काढत राहिले. भडंग, चिक्की, रेनकोट आणि पातळ शाल एवढंच उरलं. सॅक माझ्या पाठीवर चढवत ते म्हणाले, "दुकानाभोवती एक फेरी मारा की."

मी मारली. गुडघा दुखला नाही, म्हणून दुसरीही मारली आणि तिथूनच, ट्रेकला चल म्हणून मागं लागलेल्या मैत्रिणीला फोन केला, "उद्या येतेय."