दीड कप दूध

माझी ताई शिवणकाम करते. गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे नुसतं पाहून ती माप सांगते आणि पावणेदोन इंचांत सव्वातीन मिळवायला तिला बोटं मोजावी लागत नाहीत. मी मात्र हिशेबात पहिल्यापासून ढ. तोंडानेही ती फटकळ, गिऱ्हाइकं तिला वचकून असतात. आता हीच बाई कपभर दुधाला घाबरते, आणि तिच्यामुळे मीही.

तिची चिमी चार वर्षांची. दुधातलं सत्त्व तिच्या अंगाला पचत नाही, थोडं जास्त झालं की ते विष होऊन डोक्यात चढतं. अगदीच तोडलं तर वाढ खुंटते. म्हणून दूध मापूनच द्यायचं. वजन वाढलं तेव्हा दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी नवं माप दिलं, सकाळच्या लापशीत दोन-तृतीयांश कप आणि दुपारी पाऊण कप.

ताईला दुकान उघडायची घाई. दोन्ही वेळची लापशी ती सकाळी एकदमच शिजवायची आणि दोन वाट्यांत घालायची. आता तिच्या टेपवर पाव आहे, अर्धा आहे, पाऊण आहे, तृतीयांश कुठे आहे? तिने त्याला पाऊणच धरलं. पाऊण आणि पाऊण, दीड. कापड बेतताना शिलाईसाठी थोडं जास्त सोडायचं, कमी पडलं तर पंचाईत, ही तिची जन्माची सवय.

काही दिवसांनी चिमी बसल्या जागी पेंगायला लागली. मग एका सकाळी तिच्या हातातून चमचा गळून पडला, आणि हाक मारली तरी ती ताईकडे वळेना. आम्ही तिला उचलून दवाखान्यात धावलो.

ती शुद्धीवर आल्यावर आहाराच्या बाईंनी हिशेब मांडून दाखवला. कपाचे बारा भाग करा. दोन-तृतीयांश म्हणजे आठ, पाऊण म्हणजे नऊ. झाले सतरा, म्हणजे एक कप आणि वर पाच भाग. दीड कपात अठरा होतात. रोज एक भाग जास्त जात होता. डॉक्टर म्हणाले, तापही होता, कदाचित त्यानेही झालं असेल. ते ‘कदाचित’ ताईच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

तिने काचेच्या कपावर बारा रेघा ओढल्या. ओतल्यावर ती दोनदा रेघ बघते. मग मला बोलावते, मी वाकून रेघा मोजतो, आणि खरं सांगतो, पुन्हा पहिलीपासून मोजतो.

परवा दुपारी खाताना चिमीचा धक्का लागून वाटी कलंडली. थोडी लापशी टेबलावर, थोडी फ्रॉकवर, थोडी वाटीत. ताई फडकं हातात धरून नुसती उभी राहिली. पोटात किती गेलं आणि किती सांडलं, कशावरून मोजायचं? पुन्हा द्यावं तर जास्त होईल, न द्यावं तर कमी पडेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची लापशी चमच्याने वाटीत गोळा करायला लागलो.

चिमी गाल फुगवून गप्प बसली होती. “बाळा, काय झालं?” ताईने घाबरून विचारलं.

चिमीने तोंडाकडे बोट दाखवलं. तोंडात घास होता. तो गिळू की नको, हे ती डोळ्यांनीच आईला विचारत होती.