सासूबाईंची गुडाखूची डबी

रायपूरच्या अर्ध्या बायका सकाळी बोटाने दातांना गुडाखू घासतात आणि उरलेल्या अर्ध्या "आम्ही नाही हो" म्हणतात. मी दुसऱ्या गटातली. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा लग्नानंतर सासूबाईंनीच मला दिला होता, दाढ दुखली म्हणून. दाढेचं दुखणं गेलं, गुडाखू मात्र वीस वर्षं राहिली.

मग खालच्या एका पुढच्या दाताची हिरडी उतरली आणि मूळ उघडं पडलं. चौबे कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाळूचा छोटा तुकडा काढून तिथे शिवू, दात वाचला तर त्यानेच वाचेल. पुढे विचारलं, "दीदी, गुडाखू तो नहीं करतीं ना?"

"छे!" मी म्हणाले.

शेजारी बसलेल्या सासूबाई ताडकन म्हणाल्या, "खोटं बोलून राहिली ही. हव, आम्ही दोघीबी घासतो."

माझा असा संताप झाला की भूल देण्याआधीच तोंड बधिर झालं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. शिवलेल्या तुकड्याला स्वतःचं रक्त नसतं, त्यांनी समजावलं. आजूबाजूच्या हिरडीतून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरल्या तरच तो जगतो, आणि तंबाखूने त्याच आवळतात.

तरी तुकडा शिवल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तलफेने माझं डोकं फिरलं. न्हाणीघराच्या खिडकीत हात घातला तर डबी गायब. टाके घातलेल्या तोंडाने जमेल तेवढं ओरडले.

"काहून ओरडून राहिली? फेकली. माझीबी फेकली." सासूबाई चहा घेऊन बसल्या होत्या आणि रिकामंच बोट हिरडीवर फिरवत होत्या. "घरात वास आला असता तर तुले राहवलं नसतं."

पन्नास वर्षांची सवय होती ती. त्यांच्या तोंडात उरलेत चार दात, ते वाचवायला तर त्यांनी हे केलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

टाके काढले त्या दिवशी पांढुरका तुकडा गुलाबी झालेला दिसला. सासूबाईंनी चष्मा लावून माझ्या तोंडात डोकावून खात्री करून घेतली.

घरी येताना पानठेल्यापाशी त्या थबकल्या. "आता घेऊ का वं एक डबी? तुझं तर जुळलं."

त्यांनी कधी कुणाची परवानगी मागितली नव्हती. मला भर रस्त्यात रडू आलं.

"नको आई," मी म्हणाले.

"हव," मान डोलावत त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.